खांबरावांच्या वाट्याचा समुद्र

खांबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहरातल्या मोठ्या मैदानावर सुरक्षारक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली, अगदी शब्दशः उभी. मैदानाचा नियम असा, की रक्षकाने तोंड प्रेक्षकांकडे ठेवायचं आणि पाठ खेळाकडे. बाकीचे रक्षक साहेबांचा डोळा चुकवून मान वळवायचे. हा गडी कधी वळला नाही, म्हणून सोबतचे त्यांना खांब म्हणू लागले आणि वय वाढलं तसा पुढे राव चिकटला. आपल्या पाठीमागे गोल झाला की हुकला, हे त्यांनी लोकांच्या तोंडावरून ओळखायचं. वर शेजारीपाजारी म्हणणार, "तुमची काय मजा बुवा, फुकटात सामने!" की यांच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच म्हणून समजा.

निवृत्त झाल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, आता तुम्हाला काय हवंय सांगा."

"काहीतरी समोरून बघायचंय," ते म्हणाले. "धडधडीत समोरून. मधे कुणाचं डोकं नको."

मुलगी बापासारखीच हट्टी. तिने शोधशोध शोधून डॉल्फिन बघायच्या सहलीत दोघांसाठी जागा मिळवली. साधीसुधी सहल नव्हे. डॉल्फिनांचा अभ्यास करणारी मंडळी आपल्या बोटीवर हौशी लोकांना घ्यायची आणि त्यांनी बघता बघता मोजणीला हातभार लावायचा. खांबराव वरवर म्हणाले, "कशाला उगाच," पण निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभे होते.

धक्क्यावर सगळ्यांना फुगीर जॅकेटं वाटली. खांबरावांच्या पोटावर पट्टा काही बसेना, तो मुलीने गुडघा टेकून ओढून बसवला. मग संशोधक बाई बोलायला उभ्या राहिल्या. वयाने मुलीच्या बरोबरीच्या, आवाजाने थेट हेडमास्तरीण.

"प्रत्येकाला समुद्राचा एकेक तुकडा वाटून देणार आहे," त्या म्हणाल्या. "आपण आपल्याच तुकड्याकडे बघायचं. दुसरीकडे कितीही आरडाओरडा झाला तरी मान वळवायची नाही. सगळे एकीकडे धावले, की बाकीच्या पाण्यात कोण येऊन गेलं ते कळत नाही आणि आमची मोजणी बोंबलते. दिसलं की हात वर करा, हाक मारा. मी कॅमेरा घेऊन येईन."

मान वळवायची नाही हे ऐकूनच खांबरावांचा चेहरा पडला.

"काका, तुम्ही मागची डावी बाजू."

म्हणजे नेमकी इंजिनाच्या धुराची बाजू. यांच्या आधी यांचं नशीब बोटीत चढून जागा धरून बसलं होतं. मुलगी बाईंशी हुज्जत घालायला लागली, "अहो, बाबांना पुढे द्या ना कुठेतरी," पण पुढच्या जागा केव्हाच वाटून झाल्या होत्या. राहिलं होतं फक्त लिहायचं काम. कुणी काय पाहिलं, कुठे पाहिलं, ते ऐकून टिपायचं. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, नाहीतर काहीतरी निसटतंच, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं, त्यामुळे ते काम घ्यायला कुणी तयार नव्हतं. मुलीने ते घेतलं. एका पालथ्या क्रेटवर, खांबरावांच्या पायाशी, ती मांडीवर फळी घेऊन बसली. कठड्याच्या फळ्यांपलीकडचं तिला तसंही काही दिसत नव्हतं.

बोट खोल पाण्यात गेली, इंजिन बंद झालं, आणि पुढून एक गॉगलवाला ओरडला, "तो बघा! तो बघा!"

झालं. बाईंचा नियम त्या क्षणी समुद्रात बुडाला. सगळे पुढे पळाले. बाई घसा खरवडून "जागेवर थांबा!" म्हणत होत्या आणि पालथ्या घड्यावर पाणी पडत होतं. खांबराव मात्र धुरातच उभे. वळावं असं त्यांना शंभरदा वाटलं, पण मान मेली वळेचना. पाठीमागे कुणीतरी किंचाळलं, "काय उडी मारली राव!" खांबराव दात-ओठ खात आपल्या पाण्याकडे बघत राहिले. तिथे प्लास्टिकचा एक डबा तरंगत होता.

"माझ्या वाट्याला काय, तर डबा!" ते चडफडले.

"लिहू का, बाबा?" मुलगी खाली बघूनच हसली.

"लिही. म्हणावं, उडीसुद्धा मारत नाही मेला."

थोड्या वेळाने उजवीकडे ओरडा झाला, मग पुन्हा पुढे. प्रत्येक वेळी गर्दी लोटली आणि प्रत्येक वेळी खांबरावांच्या मनातल्या शिव्या वाढत गेल्या. बाईंना, गॉगलवाल्याला, मैदानाला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या मानेला.

आणि तेवढ्यात त्यांच्या पाण्यातून एक करडी पाठ वर आली.

फुस्स करून तिने श्वास सोडला. इतकी जवळ, की चार तुषार त्यांच्या चष्म्यावर आले. तिच्या अंगावर जुने ओरखडे होते. बगलेला अगदी लगटून एक पिल्लू होतं, त्याला अजून नीट वर येता येत नव्हतं, ते कधी डोकं काढायचं तर कधी नुसतंच शेपूट. खांबरावांचा हात वर निघाला. खांद्यापर्यंत आला. आता हाक मारली, की बाई येणार, कॅमेरा येणार, गॉगलवाला येणार, आणि आपल्यापुढे पुन्हा लोकांची डोकी.

त्यांनी हात खाली घेतला. बघून घेतलं. आई एका अंगावर कलली, पिल्लू तिच्या पोटाला घासून पलीकडे गेलं, आणि दोघं पाण्याखाली गेली. खांबरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी कठडा घट्ट धरून ठेवला.

परतताना बाईंनी एकेकाला विचारलं. "मागे डावीकडे?"

"काही नाही," खांबराव म्हणाले. मुलीने तसं लिहून घेतलं.

धक्क्यावर उतरल्याबरोबर ती बाईंवर तुटून पडली. "अख्खा वेळ माझ्या बाबांना धुरात उभं केलंत! नियम पाळणाऱ्यालाच तुमच्याकडे शिक्षा आहे का?" बाईंचा चेहरा उतरला, त्यांनी माफीसुद्धा मागितली. खांबराव मुलीला दंड धरून बाकावर घेऊन आले. तिचे डोळे भरले होते.

"तुमच्यासाठी आलो होतो ना आपण," ती म्हणाली. "आणि तुम्हालाच नाही दिसला."

ते काही त्यांना बघवेना. "अगं, रडतेस काय वेडे! दिसला मला. पिल्लासकट दिसला. हाताच्या अंतरावर."

मुलगी आधी हसली. "खरंच? कधी?"

"सगळे पुढे धावले होते तेव्हा. मुद्दामच बोललो नाही. म्हटलं, हाक मारली की ही झुंड आली."

तिचं हसू हळूहळू विरलं. तिने जॅकेटचा पट्टा सोडवला, पुन्हा गुंडाळला.

"मलाही एकसुद्धा दिसला नाही, बाबा. मी लिहीत होते."

लोकांची डोकी खांबरावांनी मोजली होती. पायाशी वाकलेलं एक डोकं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हाक नसती मारलीत तरी चाललं असतं," ती म्हणाली. "नुसता खांद्याला हात लावायचा."