हे अजून बोलतायत

वखारीत लाकूड सुकलं की नाही हे सांगायला एकच शब्द होता. बोलतं. दोन लाकडं हातात घेऊन एकमेकांवर आपटायची. खणकन वाजली तर लाकूड बोलतंय, भद्द वाजली तर मुकं आहे. बोलतं लाकूड टेम्पोत चढायचं, मुकं परत उन्हात जायचं. हा शब्द वखारवाल्याने काढलेला, पण घरात आणि धंद्यात तो इतका मुरला होता की गिऱ्हाइकंसुद्धा फाटकातूनच विचारत, “काय, आज बोलतंय का काही?”

वखारवाला स्वतः मात्र अबोल. बायकोशी त्याचं बोलणं म्हणजे ‘हं’, ‘बरं’ आणि ‘वाढ’. तिनेही त्याला कधी नावाने हाक मारली नाही. तिच्या लेखी तो ‘हे’. ‘हे’ जेवले, ‘हे’ झोपले, ‘हे’ चिडले. लाकूड आपटायची त्याची एक रीत होती. आधी लागोपाठ दोन ठोके. मग तो थांबायचा, मान तिरकी करायचा, आवाज कानात जिरू द्यायचा. आणि मग तिसरा ठोका. तो वाजला की निकाल लागला. स्वयंपाकघर वखारीला लागूनच होतं. पोळी लाटता लाटता तिचा हातही त्या मधल्या शांततेत थांबायचा आणि तिसऱ्या ठोक्यानंतर पुन्हा सुरू व्हायचा. इतकी वर्षं झाली होती की हात थांबतो हे तिच्या ध्यानातही येत नसे.

मागच्या भिंतीची थप्पी हे त्याचं शेवटचं काम. कठीण लाकूड होतं, गाठीचं. पाचर ठोकून, घण घालून त्याने एकट्याने ते फोडलं, साल वरच्या बाजूला ठेवून रचलं. थप्पी रचून झाली की तो ओलं लाकूडही एकदा वाजवून ठेवायचा, म्हणजे पुढे सुकल्यावर फरक कळतो. त्या दिवशी तिने आतून दोन ठोके ऐकले. लाटणं थांबलं. तिसरा ठोका आलाच नाही. तव्यावरची पोळी करपली तेव्हा ती बाहेर गेली. तो थप्पीला पाठ टेकून बसला होता, दोन्ही हातांत दोन लाकडं तशीच. मान तिरकी.

ती दोन लाकडं तिने स्वतःच्या हाताने त्याच्या मुठीतून सोडवली आणि थप्पीच्या वरच्या रांगेत, भिंतीलगत ठेवली. वर ताडपत्री ओढली.

पुढे काही दिवसांनी, ऊन उतरताना ती अंगणातून कपडे गोळा करत होती, आणि मागच्या भिंतीकडून आवाज आला. टक्. एकच.

ओलं लाकूड सुकताना तडकतं, दिवसभर तापून संध्याकाळी गार झालं की जास्तच तडकतं. हे तिला कोणी शिकवायला नको होतं. आयुष्य गेलं होतं वखारीत. पण तो आवाज एकच होता आणि तिने एकाच आवाजाची वाट पाहिली होती. दुसऱ्या संध्याकाळी तिने जळणातली दोन लाकडं उचलली, थप्पीसमोर उभी राहिली आणि दोन ठोके दिले. थांबली. बऱ्याच वेळाने, पण आला. टक्.

मग ते रोजचंच झालं.

लाकूड आपल्या गतीने सुकत गेलं आणि आवाज विरळ होऊ लागला. एके संध्याकाळी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी कपडे पिळलेल्या पाण्याची बादली तिच्या हातून थप्पीवर कलंडली, म्हणजे ती तरी स्वतःला तसंच सांगत होती. एक-दोन दिवसांत थप्पी पुन्हा बोलली. तेव्हापासून रोज सकाळी प्रार्थना झाली की ती ताडपत्रीचं टोक उचलायची आणि बादलीभर पाणी ओतायची, झाडाला घालावं तसं. देवासमोर हात जोडताना ती ही गोष्ट मनात येऊ देत नसे. देवापासून लपवल्यासारखं करायची. देवाला काय दिसत नाही?

यंदा पावसाने पाठ सोडली नाही. ऊन पडेना, वखारभर मुकं लाकूड. धंदा आता तिचा दीर सांभाळत होता. करवतीवर तोच, टेम्पोवरही तोच, आणि त्याच्या घरची चूलही याच वखारीवर पेटत होती. बोलका माणूस, थट्टेखोर, पण काम कितीही असो, दिवस कलायच्या आत घरी पळायचा.

एका सकाळी बेकरीवाला आला. वखारीचं हे सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बाकीचे सुटले तरी चाललं असतं. हा सुटला की वखारीला कुलूप.

“ताई, भट्टीत नुसता धूर,” तो म्हणाला. “काल एकाने पाव परत आणून दिला. म्हणाला, पाव आहे की विडी? आणि ती मागची थप्पी तुम्ही हलवत नाही. कोणासाठी राखलीय? भूत राहतं का तिच्यात?”

“राहतं,” दीर म्हणाला. “भाडं देत नाही, तेवढंच.”

बेकरीवाला हसला नाही. “उद्या सकाळी सुकं लाकूड आलं तर ठीक. नाहीतर गॅसवाल्याला सांगतो. तुमच्या यजमानांनी मला कधी धूर दिला नाही, ताई, म्हणून तोंड उघडून सांगायला आलो. नाहीतर परस्पर केलं असतं.”

तो गेल्यावर दीर हातमोजे चढवत म्हणाला, “चला वहिनी, थप्पी उतरवू. दुसरा इलाज नाही.”

“नको भावजी. हे अजून बोलतायत.”

दिराचा एक हात मोज्यात अर्धाच राहिला.

“बोलतंय,” तो सावकाश म्हणाला. “लाकूड बोलतंय, असं म्हणायचं होतं तुम्हाला.”

ती मागच्या भिंतीकडे बघत होती.

“आणि बोलतंय तर मग अडलं कुठे? बोलतं लाकूड आपण कधी ठेवून घेतो का?”

तो मागच्या भिंतीकडे गेला आणि त्याने ताडपत्री खेचली. आतून कोंदट, कोमट वाफ आली, आजाऱ्याच्या खोलीसारखी. कडेची लाकडं पांढऱ्या बुरशीने माखली होती. त्याने दोन उचलून आपटली. भद्द. खालच्या दगडांवर शेवाळ होतं आणि शेवाळावर बादलीच्या बुडाचा गोल उमटला होता.

“पाणी घालता?”

“सकाळी. थोडं.”

“दादाचं लाकूड मुकं केलंत, वहिनी.”

“ते मुकं असल्याशिवाय हे बोलत नाहीत,” ती म्हणाली. मग तिने त्याला त्या दिवशीचं सगळं सांगितलं. लाटणं थांबलं ते, करपलेली पोळी, न आलेला ठोका. “मला वाटलं, राहिलेला आत्ता देतायत.”

दीर बराच वेळ हातातल्या लाकडाची बुरशी अंगठ्याने खरवडत राहिला. ही थट्टा करायची वेळ नाही हे त्याला कळत होतं, पण दुसरं काही येतही नव्हतं.

“तुम्हाला काय वाटतं, मी बायकोच्या ओढीने लवकर घरी जातो?” तो म्हणाला. “मीपण ऐकलाय तो ठोका.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने बाही वर सारली.

“ह्यांनी कोणाच्या भट्टीत धूर नाही केला,” ती म्हणाली. “माझ्यापायी आता व्हायला नको. उतरवा.”

दिवसभर दोघं थप्पी उपसत होती. कडेची आणि खालची लाकडं वाया गेली होती. पण थप्पी खोल होती आणि रोज ओतलेलं पाणी तिच्या पोटापर्यंत पोचलं नव्हतं. भिंतीलगतच्या रांगा कोरड्या निघाल्या. ती प्रत्येक जोडी वाजवून बघत होती, अगदी त्याच्या रीतीने. दोन ठोके, मग थांबायचं, मग एक. दीर टेम्पोत रचत होता. वरच्या रांगेतली ती दोन लाकडं तिला नुसत्या हाताने ओळखू आली. ती तिने बाजूला ठेवली, न वाजवता.

सकाळी टेम्पो बेकरीत रिकामा झाला. बेकरीवाल्याने लाकडं आत सारली, वाकून बघितलं, आणि धुराड्याकडे मान वर केली. धूर नव्हता. भट्टीत एक लाकूड मोठ्याने तडकलं.

“बोललं,” बेकरीवाला खुशीत म्हणाला.

“बोलले,” ती म्हणाली. तो पावाचे ट्रे उचलण्याच्या गडबडीत होता. फरक फक्त दिराला कळला.

त्या संध्याकाळी दीर लवकर घरी गेला नाही. फाटकाची बिजागरी बघतो म्हणाला, बिजागरीला तर काहीच झालं नव्हतं. मागच्या भिंतीपाशी आता काही उरलं नव्हतं, शेवाळ धरलेले दगड आणि भिंतीवर थप्पीच्या उंचीचा फिकट डाग तेवढा. दिवस कलला तशी बाजूला ठेवलेली ती दोन लाकडं घेऊन ती तिथे आली आणि दगडावर बसली. दीरही थोडं अंतर ठेवून उकिडवा बसला.

तिने दोन ठोके दिले. लाकडं खणखणीत वाजली. मग ती थांबली.

रस्त्यावरून एक सायकल गेली. कुठेतरी नळ बंद झाला. ती कान देऊन बसली होती. रिकाम्या भिंतीकडून काहीच येणार नाही हे तिला माहीत होतं, आणि तसं काही आलंही नाही. तिने लाकडं मांडीवर ठेवली.

“ऐकलंत?” दीर म्हणाला.

“काय?”

तो उठला. चपला शोधताना त्याचे पाय दोनदा चुकले. फाटकापाशी जाऊन तो भिंतीकडे वळला, काही क्षण तसाच उभा राहिला आणि फाटक न लावताच निघून गेला.

तो थट्टा करत होता का, हे तिला कळेना. त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. आपली समजूत काढायला म्हणाला असेल, तर मग असा पळाला का?

तिने लाकडं पुन्हा उचलली, दोन ठोके दिले आणि मान तिरकी करून बसून राहिली.