विळी घेऊन ब्रिस्टलला

लेस्टरच्या स्टेशनवर गाडी आली तेव्हा मी पिशवी छातीशी घट्ट धरली. पिशवीत आईची मोडती विळी होती. पातं पाटावर निजवून वर दोन टॉवेल आणि पुठ्ठा गुंडाळला होता. तरी ते साऱ्यांना दिसतंय असं मला वाटत होतं.

या देशात सुरी घेऊन हिंडलं तर पोलीस धरतात. माझा मुलगा सुहास म्हणाला, "आई, धार लावायला नेतेस ना, मग अलाउड आहे. कोणी विचारलं तर म्हण, फॉर शार्पनिंग." ते शब्द मी कणीक मळताना घोकत होते. बोथट विळी घसरून माझं बोट दोनदा कापलं होतं. लेस्टरच्या धारवाल्याने ती नुसती पाहूनच मान हलवली. मग नातीने ब्रिस्टलचा एक जपानी धारवाला शोधून काढला. सुहासने बजावलं, "ब्रिस्टललाही नाही झाली, तर ती टिपला जाणार हं." टिप म्हणजे कौन्सिलचा उकिरडा. तिथे मोडक्या फ्रिजांच्या ढिगात आईची विळी! मी निघाले.

बर्मिंगहॅमला गाडी बदलायची होती. जिन्यात धाप लागली म्हणून थांबले, तर मागून आलेल्या पोलिसाने माझ्या हातातली पिशवीच घेतली.

"केवढी जड! विटा भरल्यात का?" असं काहीसं तो हसत म्हणाला.

घोकलेलं सगळं विसरले. "तोंडली," मी म्हटलं. तोंडली खरंच होती, नातीसाठी घेतलेली.

"लव्हली," तो म्हणाला, आणि पिशवी थेट गाडीत माझ्या सीटवर ठेवून गेला. गाडी सुटेपर्यंत मी डोळे मिटून बसले होते.

ब्रिस्टलला नात ईशा घ्यायला आली होती. ती तिथे शिकते. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी तिच्यासारखंच. "आजी, तू पांढरा झालास!"

"पोलिसाने विळी उचलली माझी."

ती पोट धरून हसली. "हे मी बाबाला सांगणार."

"सांग बघू. तोंडली परत घेऊन जाईन."

ते दुकान एका गल्लीत, चार पायऱ्या खाली होतं. आत ओल्या दगडांचा, विहिरीजवळ येतो तसा वास. पाण्यात तोइशी (धार लावायचे दगड) बुडवून ठेवलेले होते. मालक मोरिता-सान (सान म्हणजे आपल्याकडच्या 'राव'सारखं), वयाने माझ्याएवढेच. ईशा म्हणाली, त्यांच्या गावात लोखंड ठोकणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. हे तरुणपणापासून फक्त धार लावतात.

"कंटाळा नाही येत?" मी तिला हळूच विचारलं. कार्टीने ते त्यांनाच विचारलं! मी तिला चिमटा काढला.

त्यांनी जरा विचार केला. ईशाने सांगितलं, "ते म्हणतात, अजून नीट जमत नाही."

त्यांनी विळी दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली. मग मला परत दिली. संपलं, मी मनात म्हटलं.

"आजी, तू कापून दाखव. हात कसा चालतो ते त्यांना बघायचंय."

इथे? दोन गिऱ्हाइकं उभी होती. मला तर चार माणसांत बोलायलाही घाम फुटतो. पण त्यांनी जमिनीवर स्वच्छ कापड अंथरलं होतं. कोट सावरून बसले, पाटावर पाय ठेवला. ते समोर गुडघ्यांवर बसले, डोळा थेट पात्याशी आणून. पहिलं तोंडलं निसटलं. मग हाताने आपली जागा शोधली, पातं मध्यावर झिजून जिथे खोलगट झालंय तिथे. आई तिथेच चिरायची, मीही तिथेच चिरते.

त्यांनी त्या खोलगट जागेवर बोट ठेवलं. ईशा सांगत गेली, "मशीनवर हे सरळ होईल, पण मग तुझं हात रस्ता विसरेल. ते असंच ठेवून धार लावतील. पण इथे पातं खूप पातळ आहे. तुटू शकतो. करायचं का?"

विळी उचलून पळून जावं असं वाटलं. पण घरी टिप वाट पाहत होतं. त्यांच्याकडे पाहिलं, तर ते तळहात गुडघ्यांवर पुसत होते.

"त्यांना भीती नाही वाटत का, विचार."

"एव्हरी टाइम," ते म्हणाले. ते मलाही कळलं.

"करा," मी म्हटलं.

बोटाएवढा दगड त्या खोलगट जागेत सरकू लागला. दोनचार वेळा घासायचं, पुसायचं, अंगठा लावून बघायचं, पुन्हा तेच. मध्येच ते थांबले आणि त्यांनी डोळे मिटले. तडा गेला, मला वाटलं. पदर मुठीत आवळून मी देवाचं नाव घेतलं. त्यांनी श्वास सोडला आणि पुन्हा दगड टेकवला.

झाल्यावर त्यांनी स्वतः काही कापून पाहिलं नाही. विळी माझ्यापुढे ठेवली. तोंडल्याची फोड आवाज न करता पडली. मोरिता-सान हसले नाहीत, फक्त खांदे खाली आले त्यांचे.

परतताना भीती दुप्पट होती, आता पिशवीत खरोखरच हत्यार होतं.

घरी येऊन ईशाला देऊन उरलेली तोंडली चिरायला घेतली. सुहास दारात उभा राहून बघत होता. आई म्हणायची, "विळी उभी सोडून उठायचं नाही." धार गेल्यापासून मी ते विसरले होते. बोथट विळीला कोण भितं? भीत नव्हते म्हणूनच बोट कापलं असावं. आणि ते गृहस्थ इतक्या वर्षांनीही प्रत्येक पात्याला भितात.

चिरून झाल्यावर पातं पुसलं आणि पाटावर निजवलं. निजवताना धारेची भीती वाटली आणि बोटं आपोआप मागे आली. बरं वाटलं.