धुळा कोळेकरनं सेटवर ढकललेली चूक

जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातला धुळा कोळेकर तिखट कानाचा. शंभर मेंढरांतलं आजारी कोकरू तो अंधारात नुसत्या खोकण्यावरून ओळखायचा. तोफखान्यात भरती झाल्यावर त्याला वायरलेसवर बसवलं आणि पुढं एका वेगळ्याच तुकडीत घातलं. आठ-नऊ जणांची ही तुकडी किनाऱ्यावर दडून बसायची आणि समुद्रातल्या जहाजांना, वरच्या विमानांना मारा नेमका कुठं करायचा ते कळवायची. साहेब दुर्बिणीतून बघून आकडे सांगणार, धुळा ते जहाजाला पोचवणार.

दहा-बारा वर्षं त्यानं काम चोख केलं. मग तोफांच्या आवाजानं डावा कान गेला आणि उजवाही मंदावला. डॉक्टरकडे गेलो तर तुकडीतून काढतील, म्हणून तो गेलाच नाही. साहेबांच्या ओठांकडे बघून आकडे ओळखायला लागला.

२००९ च्या सरावात साहेबांची त्याच्याकडे पाठ होती. ते म्हणाले, "तीनशे मीटर अलीकडे." धुळाला तेराशे ऐकू आलं. शंका आली, पण परत विचारलं तर बिंग फुटणार. जहाजानं खात्रीसाठी आकडा परत म्हणून दाखवला, तेराशे. धुळा म्हणाला, "बरोबर."

गोळा त्यांच्यापासून दीडशे पावलांवर फुटला. अंगावर वाळूचा पाऊस पडला. नशिबानं कुणाला काही झालं नाही.

चौकशीत धुळानं सांगितलं, "सेटमध्ये खरखर होती." सेटची देखभाल हवालदार लालासाहेब यादवांकडे होती. ठपका त्यांच्यावर आला, बढती अडली आणि ते हवालदार म्हणूनच निवृत्त होऊन खंडाळ्याला घरी आले. धुळाला मात्र पुढच्याच वर्षी बढती मिळाली.

मागच्या वर्षी पलूसच्या निवृत्त सुभेदार जयराज पाटलांनी तुकडीचा इतिहास लिहायला घेतला. जुन्या माणसांना भेटत ते धुळाच्या वस्तीवर आले. आता त्याच्या कानात मशीन होतं. जयराजांनी वहीतलं त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य आलं, "सेट बिघडल्यामुळे आकडा चुकीचा गेला."

"साहेब, तेवढं खोडा," धुळा म्हणाला.

"का रं?"

"सेट चांगला हुता. मला ऐकूच येत नव्हतं, आन् म्या ते लपवलं."

जयराजांनी वही मिटली. "मला काय सांगतोस? खंडाळ्याला जा. तू तिथनं आल्याबिगर मी ह्या पानाला हात लावत न्हाई."

चार दिवसांनी धुळा गेला. लालासाहेब अंगणात शेंगा निवडत बसले होते. धुळानं उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. लालासाहेब मान खाली घालून काहीतरी बोलले. मशीनमध्ये नुसती गुणगुण झाली.

"आवं, परत बोला," धुळा म्हणाला. "ऐकू आलं न्हाई." असं म्हणताना त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

लालासाहेब उठून जवळ आले आणि ओरडूनच बोलले. त्या आवाजानं त्यांची बायको मंगल दारात आली. लालासाहेब सांगत होते, "तार मीच ढिली ठिवली असंल, असं मला इतकी वर्षं वाटतंय! घरातल्या पंख्याला हात लावत न्हाई मी. हाताचा भरवसाच गेला माझ्या."

सेट चांगला होता हे फक्त आपल्याला माहीत होतं, लालासाहेबांनाही नव्हतं, हे धुळाच्या ध्यानातच कधी आलं नव्हतं. तो पायाशी वाकला. लालासाहेबांनी पाय मागं घेतले.

"पाया पडू नगंस. लिहून दे."

मंगलनं आणलेल्या कागदावर धुळानं लिहिलं, खाली सही केली. लालासाहेबांनी तो दोनदा वाचला आणि त्याची एक प्रत त्याच्याकडून परत लिहून घेतली, जयराजांसाठी. पाणीसुद्धा विचारलं नाही. "जा आता," म्हणाले.

यंदा जानेवारीत विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये पुस्तक निघालं. धुळा गेला नाही. त्याची प्रत टपालानं आली. सून पूजा त्याच्या उजव्या कानाशी बसून सगळ्यांना वाचून दाखवू लागली. एका पानावर तिचे ओठ हलायचे थांबले.

"वाच, पोरी."

"मामंजी, हे..."

"मोठ्यांदा वाच."

तिनं वाचलं. त्याचा लिहून दिलेला कागद शब्दाशब्दानं तसाच छापला होता. मुलगा उठून मेंढरांच्या वाड्याकडं निघून गेला. धुळा पान संपेपर्यंत खाली बघत बसून राहिला.