तेलाने पाय झडत नाहीत

"टोपली खाली ठेवा, आजी. आणि तुम्हीही पायरीवरच थांबा. एसी चालू आहे, आत वास कोंडतो."

मालवणच्या बाजारातलं कॉम्प्युटरचं दुकान. काचेचं दार. शेठ आत, मी बाहेर. त्या दिवशी माझ्या टोपलीत मासळी नव्हती. टोपली घासून धुतली होती, मीही आंघोळ करून आले होते. टोपलीत माझा कॉम्प्युटर होता, वर गोणपाट. तोंडवलीहून एसटीने मांडीवर धरून आणला होता. पण मासेवाली म्हटलं की वास येतो. नाकाला नाही आला तरी डोक्यात येतो.

मासेवालीला कॉम्प्युटर कशाला, ते सांगते. माझी लेक वैजू जन्मापासून ऐकत नाही, बोलत नाही. पुण्याला एका छापखान्यात कामाला आहे. तिची आणि माझी भाषा हातांची. डोक्यावर टोपली धरल्यासारखा हात नेला की आई. पंजा होडीसारखा पालथा केला की तिचा बाप, तो समुद्रातच राहिला म्हणून. ही भाषा आम्हा दोघींनाच येते. फोनचा काय उपयोग? माझ्या साध्या मोबाईलवर ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, मला ते जमेना. मी चौथी शिकलेली. मग तिने जुना कॉम्प्युटर आणला, वर कॅमेरा बसवला, कुठे दाबायचं ते दाखवलं. दर रविवारी ती काचेत दिसायची. आम्ही हात हलवायचो. आठवडाभरात माझं तेवढंच बोलणं. घरात दुसरं कुणी नाही.

मग एक दिवस तो बंद पडला. मी शेठकडे आणला, तेव्हाही पायरीवरच उभी होते. त्याने बघून सांगितलं, "खाऱ्या हवेने पंखा गंजला. प्रोसेसर तापून जळला. बोर्ड ठीक आहे. एवढा जुना प्रोसेसर इथे मिळत नाही, इंटरनेटवर मागवतो. थेट तुमच्या घरी येईल."

मी विचारलं, "नवो तुकडो बसतलो मा, शेठ? मागवच्या आदी आतला एकदा नीट बगा."

तो म्हणाला, "मासे कसे निवडायचे ते मी तुम्हाला शिकवतो का? नाव तेच आहे. तेच येईल."

बंदरावर मी कल्ला उचलून बघितल्याशिवाय मासा घेत नाही. समोर कितीही मोठा होडीवाला असो. इथे गप्प बसले.

पार्सल घरी आलं. चौकोनी चपटा तुकडा, खाली पिवळे ठिपके. गंजाने आधीचा गेला, हे शेठनेच सांगितलं होतं. आमच्याकडे लोखंड घरात आलं की आधी त्याला तेल लागतं. कोयतीला, तागडीला, होडीच्या इंजिनाच्या नटाला. मी त्या तुकड्याला खोबरेल तेल लावलं. हलक्या हाताने, फडक्याने. गंजू नये म्हणून.

तो तुकडा आणि कॉम्प्युटर टोपलीत घालून पुन्हा शेठकडे नेला, तोच हा पायरीवरचा दिवस. वास आत नको म्हणून शेठने माझा खोका दारातल्या स्टुलावर उघडला. पंखा काढला. मग नवा तुकडा हातात घेतला आणि हसत सुटला.

"बघा, बघा! म्हातारीने प्रोसेसरला चंपी केलीय!"

आत खुर्चीवर एक निवृत्त मास्तर पेपर वाचत बसले होते. वर्षानुवर्षं माझ्याकडची सुरमय खाणारे. तेही हसले. मीही हसले. गिऱ्हाईक हसलं की विकणारीने हसायचं, ती सवय अंगात मुरलेली.

"आता हा काही चालत नाही," शेठ म्हणाला. "तेल लावलेला माल कंपनी परत घेत नाही. आणि आजी, मुक्या मुलीशी बोलायला कॉम्प्युटर कशाला? फोटो टांगा भिंतीवर. तोही बोलत नाही, तीही बोलत नाही."

माझं हसू तिथेच सुकलं.

भिंतीवर फोटो मेलेल्याचा टांगतात.

मी खाली बघितलं. स्टुलावर माझा बोर्ड उघडा होता. जुना तुकडा बाजूला पडला होता, त्याला टाचण्यांसारखे बारीक पाय. बोर्डाला तेवढीच भोकं. आणि शेठच्या हातातला नवा तुकडा खालून सपाट. एकही पाय नाही.

"शेठ, बोर्डाक भोकां आसत. तुमच्या ह्या तुकड्याक पाय खंय आसत?"

"तेलाने खराब झालाय, सांगितलं ना."

"तेलान पाय झडले काय रे?"

आता कुणी हसलं नाही.

मास्तर म्हणाले, "अगो, शेठाक अरे-तुरे करतंस?"

"करतंय. तो माज्या जित्या चेडवाक भिंतीर टांगता, ता आयकलास मा तुमी?"

मास्तरांनी पेपर तोंडासमोर धरला.

शेठचं तोंड लाल. "उचला हे आणि निघा. पुन्हा पायरी चढायची नाही."

"पायरेच्या वर माका कदी घेतलंस तू?"

सगळं टोपलीत भरलं आणि निघाले. कुणी हात लावला नाही. टोपली डोक्यावर मीच चढवली.

घरी येऊन बोर्ड उजेडात धरला. भोकांच्या पांढऱ्या चौकटीवर आकडा होता. ४७८. नव्या तुकड्याच्या खोक्यावर ७७५. नाव दोघांचं एकच, बसायची जागा वेगळी. इंग्रजी आकडे, तेवढे मला येतात. शेठलाही येत होते. त्याने बघितले नाहीत. गिऱ्हाईक मी होते म्हणून बघितले नाहीत. आणि चूक कळली तेव्हा ती माझ्या हाताच्या नावावर घातली.

रविवार आला. नेहमीच्या वेळी मी काळ्या काचेसमोर बसले. वैजू तिकडे बसली असेल. मी डोक्यावर हात नेला. काचेत एक म्हातारी दिसली, तिनेही नेला. मी उठले.

सोमवारी स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात गेले. टोपली घेऊनच, आणि त्या दिवशी टोपलीत बांगडे होते. आत जाऊन खुर्चीवर बसले. टोपली पायाशी.

तिथली पोरगी म्हणाली, "आजये, टोपली भायर ठेव गो."

"ठेवचंय नाय. तू काम कर. चारशे अठ्ठ्याहत्तर आकडो असलेलो तुकडो दाखव. नाव नको वाचून दाखव. आकडो दाखव."

ती नाक मुरडत शोधू लागली. मी काचेला डोळे लावून बसले.

तुकडा मिळेल, कदाचित नाही मिळणार. पण यापुढे आकडा माझ्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आला की तो मीच बसवणार. तेल लावणार नाही, तेवढं कळलं. हात हाच असेल, मासळीचा. याच हाताने मी लेकीशी बोलते.

आणि पायरीवर उभी राहणार नाही. कुणाच्याच.