फ्री बॉल देणेबाबत

विषय : स्नूकरच्या खेळात फ्री बॉल देणेबाबत.

संदर्भ : श्री. साळवे, रोजंदारी मार्कर, यांचा सेवेत कायम करण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, एकतीस वर्षे कारकुनी केली म्हणजे फायली कचेरीत राहतात आणि किस्से घरी येतात. फायली निदान मुदत संपली की जाळता येतात. किस्स्यांना ती सोय नाही. आज सांगतो ते सगळे नगरच्या आमच्या कचेरीतल्या एका टेबलाभोवतीचे आहेत, आणि नव्वदच्या दशकातल्या एका साहेबांच्या कारकिर्दीतले. साहेबांचे नाव लिहीत नाही. ते हयात आहेत आणि माझी पेन्शन चालू आहे.

*

कचेरीमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये इंग्रजांच्या वेळचे स्नूकरचे टेबल होते. कुणाला हलवता आले नाही म्हणून तिथेच राहिलेले. त्यावर ताडपत्री टाकून आम्ही जुनी रजिस्टरे रचली होती. नवे साहेब आले, त्यांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला, खालचे हिरवे कापड पाहिले आणि म्हणाले, "अच्छा."

दोन दिवसांत रजिस्टरे व्हरांड्यात आली. आठ वर्षे रोजंदारीवर झाडांना पाणी घालणाऱ्या साळवेला मार्कर नेमले. मार्कर म्हणजे बॉल मांडणारा, गुण लिहिणारा आणि चूक झाली की "फाउल" म्हणणारा. शेवटचे काम साहेबांसमोर करायचे आहे हे नेमणुकीच्या आदेशात नव्हते.

साहेब ओरडत नसत. ओरडणाऱ्या साहेबाची भीती पाच वाजता संपते. हे हिरव्या शाईने फाइलीवर दोन शब्द लिहीत : 'चर्चा करावी.' मग संबंधित कारकुनाने फाइल घेऊन आत जायचे. आवक-जावकचे पवार असेच शुक्रवारी चर्चेला आत गेले आणि सोमवारी बदली होऊन जामखेडला हजर झाले. आत काय बोलणे झाले ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. तेव्हापासून ते दोन शब्द दिसले की आमच्याकडे लोक फाइल पालथी ठेवत.

साळवेचा कायम होण्याचा अर्ज आस्थापना शाखेत होता. आस्थापना शाखा म्हणजे मी.

*

टेबलाच्या खणात नियमांची इंग्रजी पुस्तिका सापडली. साळवे ती घेऊन माझ्याकडे आला. "भाऊसाहेब, एवढं मराठीत करून द्या. चुकीचा फाउल दिला तर माजी रोजी जाईल."

मी फ्री बॉलच्या नियमाचे भाषांतर केले. ज्याअर्थी, त्याअर्थी, परंतु अशा की, सगळे घातले. साळवेने ते दोनदा वाचले, कागदाची घडी केली आणि मला म्हणाला, "म्हंजे बगा, तुमाला सायबाकडं जायचंय आन् मधी हेडक्लार्क उबा हाय. साहेब दिसंना. हे झालं स्नूकर."

"बरोबर."

"पन हेडक्लार्क तितं समोरच्या गड्याच्या चुकीनं उबा ऱ्हायला आसंल, तर तुमी शिपायालाच साहेब म्हनायचं आन् त्याची सही घ्यायची. त्या एका खेळीपुरतं चालतंय. हा फ्री बॉल."

एकतीस वर्षांत एवढे सुटसुटीत परिपत्रक मी पाहिले नाही.

"आन् शेवटची वळ," तो म्हणाला, "त्या शिपायाच्या आड समोरच्याला कोंडायचं न्हाई. कोंडला तर उलटा आपल्यावर फाउल."

ते भाषांतराचे पान त्याने मलाच ठेवायला दिले. "तुमच्या खिशात आसू द्या. तुमचं अक्षर हाय, लोक मानतील."

*

साहेबांशी खेळायला कुणी तयार नव्हते, म्हणून हेडक्लार्क कुलकर्णी अण्णांना खेळाडू करण्यात आले. अण्णांनी आयुष्यात कॅरमही खेळला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात साहेबांनी पांढऱ्या बॉलने आधी लालला मारायचे सोडून हिरव्याला मारले. फाउल. वर पांढरा जाऊन तपकिरीच्या मागे असा बसला की अण्णांना एकही लाल दिसेना. साळवे हळू आवाजात म्हणाला, "फ्री बॉल, अण्णा. कोनताबी मारा."

अण्णांना घाम फुटला. साहेबांच्या चुकीचा फायदा घ्यायचा? लेखी नोंद राहणार, फळ्यावर खडूने!

"नको नको," अण्णा म्हणाले, "मला लाल स्पष्ट दिसतोय."

त्यांनी न दिसणाऱ्या लालच्या दिशेने काठी चालवली. पांढरा बॉल कुणालाही न लागता टेबलाला प्रदक्षिणा घालून आला. साहेबांना चार गुण मिळाले.

साहेब म्हणाले, "कुलकर्णी, तुमचा खेळ सुधारतोय."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. कारण लिहिले, 'दृष्टिदोष.'

*

रजेवरून आल्यावर अण्णांच्या हातून फाउल झाला. साहेब वाकून बघत म्हणाले, "मी स्नूकर आहे. फ्री बॉल."

साळवे म्हणाला, "बगावं लागंल, साहेब."

नियम असा की पांढऱ्यापासून लालच्या दोन्ही कडा सरळ रेषेत दिसल्या तर माणूस मोकळा. एक जरी झाकली तरी अडकलेला. साळवेने माझ्या हातातल्या फाइलीची नाडी सोडली, एक टोक मला पांढऱ्याजवळ धरायला लावले आणि दुसरे लालच्या एका कडेला, मग दुसऱ्या कडेला नेले. नाडी दोन्ही वेळा मधल्या काळ्या बॉलला न शिवता गेली.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, देऊन टाका म्हणावं. माझी तक्रार नाही."

साळवे म्हणाला, "दोनी कडा दिसत्यात, साहेब. फ्री बॉल न्हाई."

साहेबांनी पंचनामा मागवला. मी तिथेच लिहिला : पूर्वेस काळा बॉल, पश्चिमेस टेबलाची गादी, मध्ये मोकळी जागा, समक्ष नाडी धरून खात्री केली. अण्णा आणि मी पंच म्हणून सह्या केल्या. साहेबांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि मला विचारले, "वैद्य, हा मार्कर कायम आहे का?"

"नाही साहेब. रोजंदारी. अर्ज केलेला आहे."

"अस्सं."

त्या 'अस्सं'वर कचेरीत आठ दिवस ऊहापोह झाला. अण्णांच्या मते त्यात साळवेची सुट्टी होती. माझ्या मते माझी जामखेडची बदली. साळवे मात्र रोज टेबलाला ब्रश मारत होता.

*

साळवेचा मेव्हणा सुप्याला कारखान्यात होता. एकदा तो मोटरसायकलवरून कचेरीत आला. भरती निघाली आहे, सहा महिन्यांत कायम करतात, दाजींना घेऊन जातो म्हणाला.

साळवे माझ्याकडे आला. "भाऊसाहेब, खरं सांगा. अर्ज फुडं सरकलाय का? दोन पोरी हायेत. आशेवर ठिऊ नका."

न्यायचे झाले तर तो अर्ज साहेबांसमोर मलाच न्यावा लागणार होता. साहेब त्यावर काय लिहितील याची मला भीती होती. म्हणून मी तो टेबलाच्या डाव्या ट्रेमधून उजव्या ट्रेमध्ये ठेवला होता.

"सरकलाय," मी म्हणालो.

हे खोटे नव्हते. मेव्हणा एकटाच परत गेला.

*

मग पुण्याचे मोठे साहेब तपासणीला आले. त्यांनाही स्नूकर येत होता. तपासणी अर्ध्या तासात आटोपली आणि सगळी कचेरी भिंतीला पाठ लावून हॉलमध्ये उभी राहिली. साळवेने धुतलेला पांढरा शर्ट घातला होता.

टेबलावर एकच लाल उरला होता आणि गुण जवळजवळ सारखे होते. मोठ्या साहेबांनी तो लाल चुकवून निळ्याला मारले. फाउल. पांढरा जाऊन काळ्यामागे थांबला. आता आमच्या साहेबांना लाल दिसतो की नाही, हे साळवेने सांगायचे. दिसतो म्हणावे तर आमचे साहेब आहेत, दिसत नाही म्हणावे तर मोठे.

साळवेने हात पुढे केला. मी फाइलीची नाडी दिली. त्याने ती धरली, एका कडेला नेली, दुसरीकडे नेताना ती काळ्याला अडली.

"एक कड झाकलीय. फ्री बॉल."

मोठे साहेब हसले, पण फक्त ओठांनी. आमचे साहेब मात्र मनापासून हसले. सगळ्यांसमोर म्हणाले, "वैद्य, उद्या याची फाइल आणा. सही करून टाकू."

साळवेने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर मी आठ वर्षांत पाहिले नव्हते असे काहीतरी होते. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

साहेबांनी फ्री बॉल म्हणून पिवळा सांगितला आणि त्याला अगदी हलकेच स्पर्श केला. पांढरा पिवळ्याला लागून त्याच्याच आड थांबला. मोठ्या साहेबांना लाल दिसेना. त्यांना पुरते कोंडले होते. साहेबांनी काठी उभी धरून चौफेर पाहिले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

साळवेने वाजवल्या नाहीत. तो पिवळ्याकडे बघत होता. शेवटची ओळ त्या हॉलमध्ये दोघांनाच माहीत होती. त्याने पाठ केली होती आणि मी लिहिली होती.

"साळवे, गुण लिही," साहेब म्हणाले.

साळवे माझ्याकडे वळला. "भाऊसाहेब, ते पान तेवढं वाचून दावता का?"

पान माझ्या शर्टाच्या खिशात होते. घडीचा कोपरा छातीला टोचत होता.

"घरी राहिलं," मी म्हणालो.

साळवे थोडा वेळ माझ्या खिशाकडे बघत राहिला. मग टेबलाकडे वळला.

"फाउल, साहेब. फ्री बॉलच्या आड कोंडता येत न्हाई. चार गुन मोठ्या सायबांना."

त्याने फळ्यावर चार लिहिले. खडू फळ्यावर घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. साहेबांनी काठी स्टँडला लावली आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आज्ञेप्रमाणे फाइल गेली. मी ती शिपायाबरोबर पाठवली. दुपारी परत आली. हिरव्या शाईने दोन शब्द होते : 'चर्चा करावी.'

संबंधित कारकून मी होतो. मी फाइल पालथी ठेवली.

संध्याकाळी साळवे सायकल घेऊन निघाला होता. फाइलीबद्दल त्याने काही विचारले नाही. एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, पान घावलं का घरी?"

"शोधतोय," मी म्हणालो.

दीड वर्षाने साहेब बदलून गेले. नवे साहेब खेळत नव्हते. त्यांनी फाइल पाहिली आणि आधीच्या साहेबांनी सांगितलेली चर्चा झाल्याशिवाय पुढे कसे जाणार, असे विचारले. टेबलावर ताडपत्री आली, ताडपत्रीवर रजिस्टरे. साळवे पुन्हा झाडांना पाणी घालू लागला.

मी निवृत्त झालो तेव्हा कार्यभाराच्या यादीत ती फाइल शेवटची होती. माझ्या जागी आलेल्या कारकुनाने विचारले, "यात काय राहिलंय?"

"चर्चा," मी म्हणालो.

तरी, श्री. साळवे यांचा अर्ज प्रलंबित आहे.