हंड्याने पास केलेला हेडसेट

हंड्याला सगळ्यात जास्त किळस यायची ती खोट्या चामड्याच्या वासाची, आणि त्याचं पोट भरायचं तेही त्याच वासावर. गेमिंग हेडसेट बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणीच्या खोलीत तो बसायचा. खिडकी नाही, पंखा आहे पण आवाज नको म्हणून बंद. कानांवर खोट्या चामड्यात शिवलेल्या फोमच्या गाद्या आणि गाद्यांत आधीच्या माणसाचा घाम. असं ते ओंगळ साहित्य डोक्यावर चढवून तासन् तास गेम खेळायचा आणि शेवटी सांगायचं, कुठे टोचतं, कान किती तापतात, शत्रूची पावलं डावीकडून आली की मागून.

ही नोकरी त्याला अकलेवर मिळाली नव्हती, डोक्याच्या घेरावर मिळाली होती. कंपनीला एक लहान, एक मध्यम आणि एक मोठं डोकं हवं होतं. शाळेत पोरांनी ‘हंडा’ नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. त्याला कधी टोपी बसली नाही, हेल्मेट बसलं नाही. लग्न ठरताना सासूने त्याच्या आईला हळूच विचारलं होतं, “मुलाला काही आजार तर नाही ना?” आणि आता त्याच डोक्याला विचारल्याशिवाय माल बाहेर पडत नव्हता. साहजिकच हंडा जरा शिष्ट झाला होता. व्हावंच की माणसाने.

तेवढ्यात तो लाल दिव्यांचा नवा हेडसेट आला. हंड्याने तो घातला आणि सांडशीत पकडल्यासारखं झालं. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या. स्फोट झाला की पत्र्याच्या डब्यात बटाटे ओतल्यासारखा आवाज. हंड्याने नापास केला. थोडं काहीबाही बदलून परत आणला, परत नापास.

मग अत्तरात बुचकळून काढलेले विक्रीसाहेब स्वतः आले. “काका, खोक्यावर ‘ढगासारखा मऊ’ असं छापून झालंय हो.”

“मग ढगालाच विका,” हंडा म्हणाला. त्या अत्तराने त्याला मळमळत होतं.

हा नुसता ताठा नव्हता. त्याच्या लेकीने बापाचं डोकं जसंच्या तसं उचललं होतं. ती मैत्रिणींबरोबर गेमच्या स्पर्धेत उतरायची आणि दर वेळी डोकं धरून उठायची. “बाबा, मला बसेल असा एक तरी पास करा ना,” ती म्हणाली होती. तेव्हापासून हंड्याने हे अगदी मनावर घेतलं होतं.

पुढच्या खेपेला इंजिनियरने त्याच हेडसेटचा नवा नमुना आणला. हंड्याने तो चढवला आणि बघतच राहिला. दाब नाही, काही नाही! चष्मासुद्धा जागच्या जागी. आवाजाचा खालचा दणका, म्हणजे बेस, तेवढा विरळ वाटला, पण म्हटलं, असू दे. त्याने तो पास केला आणि माल बाजारात गेल्यावर कोरं खोकं लेकीच्या हातात ठेवलं.

रविवारी सकाळी तो तिच्या खोलीत डोकावला. ती खेळत होती. हेडसेटच्या डोक्यावरच्या पट्टीखाली रुमालाची घडी कोंबलेली, कान लालबुंद. त्याने हेडसेट ओढून काढला, तर कानशिलांवर वळ. स्वतःच्या डोक्यावर घालून बघितला. तीच सांडशी.

त्याने बाहेर येऊन इंजिनियरला फोन लावला. “माझ्याकडे आणलेल्या नमुन्याला काय केलं होतंत?”

तिकडे गडी हसला. “काका, तो आठवडाभर पाण्याच्या जारवर चढवून ठेवला होता. ताणून सैल केला. साहेब म्हणाले, म्हाताऱ्याला एकदाचा खूश करा.”

हंड्याला साहेबाची शिसारी आली, त्या हसण्याची आली, पण सगळ्यात जास्त स्वतःची आली. दणका विरळ लागला म्हणजे गादी कानाला नीट टेकत नाही, म्हणजे पट्टी ताणलेली आहे. कालचा शिकाऊही हे सांगेल. त्यालाच कळलं नाही, कारण जन्मात पहिल्यांदा काहीतरी त्याच्या डोक्याला बसलं होतं आणि तो तेवढ्यानेच पाघळला होता.

“नालायकांनो!” तो फोनमध्ये ओरडला.

लेक दारात आली. “कुणावर चिडताय बाबा? हेडसेटवरून ना? जाऊ द्या. तुम्ही पास केलाय म्हणजे तो चांगलाच असणार. माझंच डोकं मेलं बेढब आहे.”

आणि तो पुन्हा घालायला तिने हात पुढे केला.