तंबोऱ्यातले बाबा

आमचे बाबा वारल्यानंतर वर्षभरानं पहिल्यांदा बोलले, ते मी खोटं बोललो म्हणून.

त्याला जबाबदार मीच. (आमच्या घरात जे काही होतं त्याला मीच जबाबदार असतो, असं मला लहानपणापासून वाटतं. मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, लग्नापासून.) बाबा गेले आणि आईनं गाणं सोडलं. पांढुर्ण्यातलं बायकांचं भजन मंडळ तिनंच उभं केलेलं; पण आता ती दिवसभर खिडकीशी बसून संत्री सोलायची. खायची नाही, नुसती सोलायची! मला ते बघवेना. तिच्या मालकीचा तंबोरा कधीच नव्हता. म्हटलं, तिला न सांगता एक बनवून घ्यावा. तंबोरा मांडीवर आला की गळा आपोआप उघडेल.

सौसरला हरिभाऊ म्हणून एक जण तंबोरे करतात. त्यांच्या दुकानात भर दुपारीही अंधार. भिंतीला ओळीनं तंबोरे टेकलेले, जणू माना उंच करून कोणाची तरी वाट बघत बसलेले. नमुन्याचा एक वाजवून पाहावा म्हणून पुढे झालो, धुळीनं मोठ्यांदा शिंकलो, आणि त्या सगळ्यांनी मिळून एक लांब उसासा टाकला! मी दोन पावलं मागे सरकलो.

"घाबरू नका साहेब," हरिभाऊ म्हणाले. "आवाज जुळला का तारा आपोआप बोलते. गानारीले घेऊन या. तिचा सूर आईकल्याशिवाय मी तारा चढवत नाही."

"तिले नाही आणू शकत भाऊ. तिले न सांगता करून राहिलो."

"मंग कसं जमन?"

माझा आवाज आईसारखा बारीक आहे. फोनवर लोक मला "काकू, नमस्कार" म्हणतात. मी दुकानाचं दार लोटलं, घसा साफ केला आणि आईच्या आवाजात 'सा' लावला. हरिभाऊंनी डोळे मिटले (सुरासाठी की लाजेनं, कळलं नाही) आणि म्हणाले, "भेटला. पन हे कोनाले सांगू नका."

तंबोरा तयार झाला तेव्हा पांढऱ्या चादरीत गुंडाळून बसनं आणला. मांडीवर आडवा, एका टोकाला गोल डोकं. शेजारचा माणूस निमूटपणे उठून उभा राहिला. समोरच्या म्हातारीनं हळूच विचारलं, "कोन होतं बाप्पा?"

"आईसाठी आहे," मी म्हणालो.

ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली! पांढुर्णा येईपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. ड्रायव्हरनंही खड्डे चुकवले.

घरी पोहोचलो तर लाइट गेलेली. पंखा बंद, दुपार चिडीचूप. बाबांच्या खुर्चीला तंबोरा टेकवला आणि चादर काढली. आईनं बघितलं. "हे काऊन आणलं? मले कोन बोलावून राहिलं?"

"मंडळातल्या बायांनीच सांगतलं. म्हने, काकूशिवाय भजन जमतच नाही."

खुर्चीकडून आवाज आला. "हूंऽऽऽ."

आईनं डोक्यावर पदर घेतला. मंगलाच्या हातातलं ताट पडलं. कारण बाबा मला कधी रागावले नाहीत. मी खोटं बोललो की पेपरामागून फक्त 'हूंऽऽऽ' करायचे. आणि बायांनी मला काहीच सांगितलं नव्हतं.

"वारा असन," मी म्हणालो.

"हूंऽऽऽ."

"पान नाही हालून राहिलं," आई कुजबुजली. "तुहे बाबा हायेत."

मंगला जरा सावरली आणि तिला संधी दिसली. "अवो मास्तर, परवा शाळेतून यायले उशीर काऊन झाला?"

"मी... मीटिंग होती."

"हूंऽऽऽ!"

(आलुबोंडे होते. गरम होते.)

संध्याकाळपर्यंत शेजारच्या प्रमिलाकाकू नारळ घेऊन हजर! आईनं खुर्चीपुढे दिवा लावला. मी हात जोडले, "आई, तू फक्त गाऊन पाह्य."

"हे मांडीवर घेऊन?" आईचा चेहरा लाल झाला. "मंडळाच्या इतक्या बायांत त्याहीले मांडीवर घेऊन बसू? लाज नाही वाटत तुले?"

झालं! जिच्या गाण्यासाठी आणला, तिचं गाणं आता कायमचं बंद. मी जन्मभर स्वतःला दोष देत आलो, पण एवढा भरभक्कम दोष मला कधी मिळाला नव्हता.

मूळ मंगलानंच शोधलं. "तुम्ही खोटं बोलता ना, तवा आवाज अजून बारीक होते. तारा त्या आवाजाले बोलून राहिल्या. आता खरं बोला, पन बारीक."

मी गळा ताणून ओरडलो, "माझं नाव सुधाकर!"

"हूंऽऽऽ."

आईनं माझ्याकडे बघितलं. "नाव बी खोटं?"

शेवटी तिला आणि तंबोऱ्याला घेऊन सौसर गाठलं. दुकानातला सगळा प्रकार मी तिला रडवेल्या आवाजात सांगितला, 'सा' सकट. हरिभाऊंनी खुंट्या पिळल्या, तारा एकेक करून ढिल्या पडल्या. दुकान एकदम मुकं झालं.

"गेले?" आईनं विचारलं.

हरिभाऊंनी तंबोरा तिच्यापुढे सरकवला. मग ती स्वतःच, अगदी हळू, कोणाला तरी हाक मारावी तसा 'सा' म्हणाली. वर्षभरात सूर खाली उतरला होता, काठाला चिरफळलाही होता. हरिभाऊ तिच्यामागून तारा चढवत गेले. एकदा, दोनदा तिनं सूर लावला, आणि तिसऱ्यांदा ती थांबली तरी भोपळ्यात तो घुमतच राहिला.

आईनं त्याच्यावर हात ठेवला. "आता मले हूं म्हणून राहिले," ती म्हणाली, आणि सरळ गायलाच लागली. हरिभाऊंनी दुसरं गिऱ्हाईक बाहेरच थांबवलं.

पांढुर्ण्याला परतल्यावर मी मंडळातल्या बायांकडे गेलो आणि खरं काय ते सांगून त्यांना बोलावलं. त्या आल्या. आई पुढे गाते, मी मागे बसून तारा छेडतो. बायकांच्या मंडळात एकटा बाप्या.

"अवो बाई, हा सुधाकर इतका गप्प कसा?" प्रमिलाकाकूंनी परवा विचारलं.

"त्याले तोंड उघडायची मनाई हाय," आई म्हणाली. "असा बसला का मानूस खरा वाटते."

मी नम्रपणे मान डोलावली. ती मानही बेतालच डोलली, असं मंगलाचं म्हणणं आहे.